घासलेले पत्रे

नानकटाई हाताच्या गुणाने होते, असं मी वीस वर्षं गल्लीतल्या बायकांना सांगत आले. खोटं सांगत आले. हात माझा चांगलाच आहे, त्यात वाद नाही, पण निम्मं काम पत्र्यांचं होतं. भद्रकालीतल्या कारागिराकडून करून घेतलेले काठ वळवलेले चार लोखंडी पत्रे. तूप पिऊन पिऊन असे काळेकुळकुळीत झालेले की नानकटाई बोट लावलं तरी सरकायची.

पंचवटीत आमच्या दोन खोल्या आणि मागे पडवी. पडवीत माझी भट्टी, म्हणजे खाली कोळशाची शेगडी, तिच्यावर पत्र्याची पेटी आणि पेटीच्या झाकणावर निखारे. वर निखारे जास्त, खाली कमी. दिवाळी आली की अर्धी गल्ली मैदा, तूप, साखर घेऊन माझ्या दारात उभी. आमचे हे, निवृत्ती, जिवंत होते तेव्हा म्हणायचे, "कुसा, तुझी वट नगरसेवकापेक्षा जास्त."

पत्र्याला साबण लावायचा नाही, चिंच लावायची नाही. कोमट असताना जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचा, तेलाचा हात फिरवायचा आणि मध्ये कागद घालून ठेवून द्यायचा. एवढंच. पण हे मी कुणाला बोलले नाही. सुनेलासुद्धा नाही.

सून योगिनी, दिंडोरीकडची. माहेरी द्राक्षाच्या बागेत राबलेली, कामाला वाघ. तिने दोन-तीनदा विचारलं, "आई, माझी खाली चिकटते, तुमची का नाय चिकटत?"

"तुझी जीभ जास्त चालते आणि हात कमी, म्हणून."

ती हसायची आणि कामाला लागायची. नवी नवरी होती तेव्हा तिने एक पातेलं बुडाला काळं तसंच ठेवलं होतं. मी ते अंगणात फेकलं. सगळ्या गल्लीदेखत तिला परत घासायला बसवलं. म्हटलं, "माझ्या घरात काळं भांडं दिसलं तर लोक मला नावं ठेवतील, तुला नाही." तेव्हापासून तिने एक भांडं काळं ठेवलं नाही.

आमच्याकडे घटस्थापनेच्या आधी दसरा काढतात. घरातलं झाडून सगळं बाहेर निघतं, गोधड्या गंगेवर धुतात, डबेडुबे घासतात. दरवर्षी त्याच्या आधी मी पत्रे गुपचूप गोणीत बांधून माळ्यावर टाकायची. योगिनीला वाटायचं, गोणीत सासऱ्यांची हत्यारं आहेत. वाटू दे, म्हटलं.

दोन हजार दोन सालची गोष्ट. माझा मुलगा शेखर सातपूरला कामाला होता, ती कंपनी बंद पडली. आठ महिने पोरगा घरी. मग वापीहून एकाने नोकरीला बोलावलं. दसऱ्यापर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं. मी म्हटलं, "जा की. तुझ्यावाचून काय अडलंय माझं?" म्हणायला काय जातं? आठ वर्षांची नात माझ्या अंगावर पाय टाकल्याशिवाय झोपत नव्हती. ते तिघं गेले तर घरात मी आणि भिंती.

योगिनीलाही जायचं नव्हतं. तिने स्वतःच हातपाय हलवले. कॉलेज रोडला मनोजशेठचं फरसाणाचं दुकान होतं, तिथे जाऊन बोलून आली. शेठ म्हणाले, "घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी नानकटाईचे दोन डबे आणा. पसंत पडली तर बारा महिने तुमचीच घेऊ."

"आई, तुम्ही कराल ना? माझ्या हातची नाय जमायची."

"करते. तुझ्या भरवशावर राहिले तर वापीलाच पोचाल."

मध्येच माझ्या मोतीबिंदूची तारीख लागली. ऑपरेशन मनमाडला, लेक सरिताकडे. जावई रेल्वेत, तिथे सोय होती. घाईत निघाले आणि पत्रे पेटीतच राहिले. आठवलं ते डोळ्याला पट्टी बांधल्यावर. फोन करावा, तर फोन शेजारच्या आशाकडे. निरोप तिच्याच कानातून जाणार. "पत्रे घासू नका" म्हणाले असते की संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, कुसाबाईचा हातगुण कशात आहे ते. सरिता फोन घेऊन समोर उभी, "काय सांगू, आई?" मी म्हटलं, "काही नाही. बरी आहे म्हण."

घटस्थापनेला परत आले. काळा चष्मा लावून पडवीत गेले. भिंतीला टेकवून चार पत्रे उभे. चष्म्यातूनही चमकले.

योगिनीचे हात चिंचेने आणि तारेच्या घासणीने सोललेले. तोंडभर हसून म्हणाली, "दोन दिवस लागले, आई. काळं निघतच नव्हतं. शेठला कुणी सांगायला नको, यांची भांडी काळी म्हणून."

मला खाली बसावं लागलं. तिला वाटलं चक्कर आली, पाणी आणायला धावली. ओरडू कशावर? माझंच बोलणं तिने पाळलं होतं.

सकाळी पाहिलं तर पत्र्यांवर तांबूस गंज. पुसला, तेल लावलं, पत्रे शेगडीवर धरले. पण वीस वर्षांचं काळं एका सकाळीत बसत नाही. तूप तळहाताने पांढरं होईस्तोवर फेसलं, गोळे वळले, सगळं दरवर्षीसारखं. पहिला घाणा निघाला तो खालून डागाळलेला, आणि लोखंडाचा वास.

योगिनीने एक उचलून पाहिली. हळूच म्हणाली, "आशाताईंचे ॲल्युमिनियमचे ट्रे आहेत. आणू का? नायतर खाली कागद घालू."

"कुसाबाईची नानकटाई आशाच्या ताटात? आणि कागदावर? त्यापेक्षा चूल विझव."

"आई, आज तरी..."

"मला शिकवू नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग झाकणावरचे निखारे सारखे करायला लागली. मी उरलेले तिन्ही पत्रे त्याच हट्टाने लावले. त्यातल्या बऱ्या दिसल्या त्या निवडून दोन डबे भरले. डाग खाली होते, वरून दिसत नव्हते. वास डोळ्याला दिसतच नाही.

शेखर डबे घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. शेठनी एक मोडून तोंडात घातली, चावायची थांबले, पाणी मागवलं. वाईट काही बोलले नाहीत. "आजींना विश्रांती द्या," एवढंच म्हणाले. डबे त्याच्या हातात तसेच होते.

दसऱ्याला सोनं वाटून आल्यावर त्याने वापीला हो कळवलं.

सामान टेम्पोत चढलं तेव्हा मी योगिनीला पडवीत बोलावलं. पहिल्यांदा सगळं सांगितलं, पत्रे, फडकं, तेल, गोणी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर," ती म्हणाली. तिने 'तुम्ही' म्हटलं नाही.

"दोन पत्रे घेऊन जा. पुन्हा काळे होतील. वर्ष-दोन वर्षं लागतील."

"तिथे एकच खोली आहे, आई. शेगडी कुठे ठेवू? आणि पोरीला आता दुकानातली बिस्किटं आवडतात." पाया पडली. नात टेम्पोत पुढे बसून हात हलवत होती, नव्या गावाचं भारी कौतुक तिला.

त्याला पाच वर्षं झाली. पहिल्या दिवाळीला आले, पुढच्या वर्षी शेखर एकटा आला. आता फोन येतो, आशाकडे.

महिन्यातून एकदा मी पत्रे तापवते, तेल लावते, धूर थांबेपर्यंत धरते, गार झाले की पुन्हा. चांगले काळे झालेत. परवा थोडं पीठ मळून चार नानकटाया टाकल्या. एकही चिकटली नाही. दोन आशाला दिल्या. म्हणाली, "मावशी, हाताला गुण आहे हो तुमच्या." मी तिला फडक्याचं, तेलाचं सांगायला लागले. ती म्हणाली, "आता कोण एवढं करतंय? ओव्हन घेतलाय मी."

यंदाही घटस्थापनेच्या आधी पत्रे गोणीत बांधून माळ्यावर ठेवले. घासायला घरात कुणी नाही, तरी ठेवले.