चारही दिवे हिरवे

मित्रांनो, मी लिथियमची एक लहानशी बॅटरी आहे. वय अवघे चार वर्षे, पण माझी गणना जुन्यांत होते. वापरून वापरून झिजले असते तर त्याचे मला काही वाटले नसते. मी एकदाही कुठे गेले नाही आणि तरी म्हातारी झाले. ते कसे, हे तुम्हाला सांगावे म्हणून हा प्रपंच.

माझा जन्म धुळीचा कण नसलेल्या एका लख्ख कारखान्यात झाला. तिथली माणसे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत आणि फारसे बोलत नसत. माझ्या पोटात पातळ पत्र्यांच्या गुंडाळ्या आहेत. त्यांच्या दोन बाजूंमध्ये लिथियमचे सूक्ष्म कण ये-जा करतात. तुम्ही मला भरता तेव्हा ते एका बाजूला गोळा होतात. मी दिवा लावते तेव्हा ते परत जातात. ही ये-जा म्हणजेच माझे जगणे. पूर्ण भरलेली बॅटरी लोकांना तृप्त वाटते. खरे तर सामान बांधून, चपला घालून दारात उभे राहावे, तशी तिची अवस्था असते. थोडा वेळ ते चालते. महिनोन्‌महिने तसेच उभे राहिले, तर माणूस जागच्या जागी थकतो.

मला विकत घेणाऱ्या काकांना सगळी गल्ली ॲसिडकाका म्हणे. टेलिफोन एक्सचेंजच्या बॅटरीखोलीत त्यांनी पस्तीस वर्षे काढली होती. त्यांच्या प्रत्येक शर्टाला ॲसिडच्या थेंबांची बारीक भोके होती. यांच्या शर्टातून चहा गाळता येईल, असे काकू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. निवृत्तीनंतर काकांनी गाडीमागे जोडायचा एक छोटा ट्रेलर स्वतःच्या हातांनी बांधला. त्यात दोन झोपायच्या फळ्या, एक खिडकी आणि माझ्यासाठी एक कप्पा होता.

ट्रेलर काकूंसाठी होता. त्यांनी शाळेत जन्मभर भूगोल शिकवला. नद्या आणि तलाव भिंतीवरच्या नकाशात काठीने दाखवले. त्यांना एकच हौस होती. एक रात्र तलावाकाठी झोपायचे आणि सकाळी डोळे उघडताच समोर पाणी दिसायला हवे. पण त्यांची फुप्फुसे अधू झाली होती. आडव्या पडल्या की नाकावर मुखवटा लावून श्वासाचे यंत्र चालू ठेवावे लागे, आणि तलावाकाठी वीज नव्हती.

म्हणून ते दोघे दुकानात आले. काउंटरवरच्या मुलीने योग्य तोच प्रश्न आधी विचारला, काय काय चालवायचे आहे? काका बोटांवर मोजू लागले, दिवा, छोटा पंखा, रेडिओ.

‘‘आणि मी,’’ खुर्चीत बसलेल्या काकू म्हणाल्या.

मुलगी हसली, मग तिने यंत्राचा आकडा विचारून हिशेब मांडला. यंत्राला चाळीस वॅट लागतात, माझ्यात अडीचशे वॅट-तास मावतात. म्हणजे सहा तास नक्की. मोठी बॅटरी काकांच्या गुडघ्याला झेपली नसती, म्हणून माझी निवड झाली. निघताना मुलीने बजावले, ‘‘काका, वापर नसेल तेव्हा साठ टक्क्यांवर ठेवा. घरात, सावलीत. पूर्ण भरायची ती निघायच्या आदल्या दिवशी.’’

‘‘अगं पोरी, तुझं वय नसेल तितकी वर्षं मी बॅटऱ्या सांभाळल्यात,’’ काका म्हणाले. माझे माहितीपत्रक त्यांनी घडी न उघडता खणात ठेवले.

त्यांचे चुकले असे मी कोणत्या तोंडाने म्हणू? त्यांच्या बॅटऱ्या शिशाच्या होत्या. शिशाची बॅटरी उपाशी राहिली की तिच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि ती कायमची निकामी होते. तिला सदैव भरलेलीच ठेवावी लागते. पस्तीस वर्षांत काकांनी एकही बॅटरी उपाशी ठेवली नाही, म्हणून त्या भागातला एकही फोन कधी मुका झाला नाही. तीच माया त्यांनी माझ्यावर केली. दर रविवारी सकाळी ते मला चार्जिंगला लावत, चारही दिवे हिरवे झाले की थोपटत आणि म्हणत, ‘‘झाली तयार.’’ मग मला पुन्हा ट्रेलरच्या कप्प्यात ठेवत. उन्हाळ्यात ट्रेलरच्या पत्र्याच्या छताखाली दुपारी अठ्ठेचाळीस अंश तापमान होई. मी तुडुंब भरलेली, तापलेली, तिथेच असे.

आणि निघणे काही होईना. आधी काकांच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले. मग ट्रेलरचे टायर त्यांच्या मनासारखे मिळेनात. मग खिडकीतून पाणी झिरपते की काय, ही शंका आली. काकूंनी पडदे शिवले, उसवले, पुन्हा शिवले. शेजारी विचारत, ‘‘काय काका, गेला होतात की जाणार आहात?’’ काका त्यांना मला दाखवत. बघा, कधीही निघू शकतो. माझे कौतुक होई. अशी तीन वर्षे गेली. दर उन्हाळ्यात मी आतून आटत गेले. हिरवे दिवे मात्र चारच्या चार लागत, कारण ते किती टक्के भरले एवढेच सांगतात. भांडे केवढे उरले ते सांगत नाहीत.

शेवटी डॉक्टरच म्हणाले की जायचे तर याच महिन्यात जा, मात्र यंत्र सलग सहा तास चालले पाहिजे. काकांनी अंगणातच चाचणी घ्यायची ठरवली. सकाळी दहा वाजता काकू ट्रेलरमध्ये आडव्या झाल्या, मुखवटा लावला, यंत्र माझ्याशी जोडले. काका पायरीवर घड्याळ घेऊन बसले. मित्रांनो, आयुष्यातले माझे ते पहिले खरे काम. माझ्यातले कण इतक्या दिवसांनी मोकळे धावू लागले. आपण सहा तास पुरू, असे मला मनापासून वाटत होते.

बारापर्यंत दोन दिवे गेले. एकला तिसरा गेला. एक वाजून वीस मिनिटांनी माझ्यातल्या सुरक्षा-यंत्रणेने मला बंद केले. ते माझ्या हातात नव्हते. यंत्राची घरघर थांबली. काकांनी धडपडत घरातली वायर ओढून आणली आणि यंत्र पुन्हा सुरू केले. काकू उठून बसल्या होत्या, ओठ किंचित निळसर. श्वास जागेवर यायला वेळ लागला. मग त्यांनी विचारले, ‘‘किती झाले?’’

‘‘झाले सहा,’’ काका म्हणाले.

‘‘अहो, घड्याळ माझ्याही हातात आहे.’’ त्यांनी खिडकीचा पडदा ओढून पाहिला. ‘‘असू दे. पडदे छान बसलेत.’’

त्याच संध्याकाळी काका मला घेऊन दुकानात गेले. मुलीने मला मोजणीयंत्राला जोडले आणि आकडा पाहून विचारले, कशी ठेवत होता? काकांनी अभिमानाने सांगितले, ‘‘एक दिवस उपाशी ठेवली नाही. कायम भरलेली, ट्रेलरमध्येच. सांगशील तेव्हा निघायची तयारी.’’ मग डॉक्टर, तलाव, दुपारची चाचणी, सगळे सांगितले. मुलगी काही बोलणार होती. तिने काकांच्या शर्टाच्या भोकांकडे पाहिले आणि नुसते म्हणाली, ‘‘वय झालं तिचं, काका.’’

मी तीन वर्षांची होते. नीट ठेवली असती तर अजून सहा-सात वर्षे मला काही झाले नसते. मुलीला मी दोष देत नाही. तिने त्या माणसाला वाचवले. पण त्यामुळे खरे काय घडले, ते त्याला कधीच कळले नाही.

काकांनी दुप्पट क्षमतेची नवी बॅटरी मागवली. ती यायला तीन आठवडे लागणार होते. दुसऱ्या आठवड्यात काकूंना इस्पितळात नेले आणि त्या परत आल्या नाहीत. नवी बॅटरी ठरल्या दिवशी आली. काकांनी दारातच खोके घेतले, सही केली आणि बराच वेळ ते मांडीवर घेऊन पायरीवर बसून राहिले.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला अर्ध्याहून थोडी जास्त भरा आणि गार जागी ठेवा. तिच्यासोबत आलेला कागद वाचा, तुम्हाला कितीही येत असले तरी. आणि ज्या ठिकाणासाठी तिला आणली, तिथे तिला घेऊन जा. पडदे राहिले असतील तर राहू द्या.

काकूंना जाऊन वर्ष होत आले. आज रविवार आहे. काका सकाळीच ट्रेलरमध्ये आले. त्यांनी पडद्यांवरची धूळ झटकली, मला चार्जिंगला लावले आणि शेजारी नव्या बॅटरीलाही. पत्रा आत्ताच तापू लागला आहे. नवी अजून तरुण आहे, तिचे दिवे फार लवकर उजळतात. तिला काही सांगण्याची सोय आम्हा बॅटऱ्यांना नाही. चौथा दिवा हिरवा झाला तसे काकांनी तिला थोपटले.

‘‘झाली तयार,’’ ते म्हणाले आणि कप्प्याचे दार लावून घेतले.