टाकीमागची आंबाडी

गणपती करून आशाबाई देवरुखकर गावाहून परतल्या आणि बॅग ठेवल्या ठेवल्या टेरेसवर गेल्या. पावसाळाभर त्या वर फिरकल्या नव्हत्या. पाऊस असताना झाडांना पाणी घालायची गरज नसते, आणि जिन्याच्या शेवटच्या टप्प्यावर शेवाळ धरतं. त्यांचे गुडघे कामातून गेले होते. म्हणून जूनमध्येच त्यांनी टेरेसची चावी जावयाच्या, परागच्या हातात दिली होती.

वर मिरचीच्या चारही बादल्या कठड्याला सरकवून ठेवलेल्या होत्या आणि रोपं कुजून नुसत्या काड्या उरल्या होत्या. टाकीमागच्या कोपऱ्यात, जिथे दिवसभर ऊन येतं, तिथे आशाबाईंच्याच निळ्या अर्ध्या पिंपांत पाच झाडं उभी होती. छातीएवढी उंच. हाताच्या बोटांसारखी फाकलेली, कडेला करवतीचे दाते असलेली पानं.

"आंबाडी आहे, आई." पराग मागून येऊन उभा राहिला होता. "मित्राने यवतमाळहून बी दिलं. भाजी करतात ना तिची?"

आशाबाईंनी एक पान खुडलं आणि चावलं. आंबाडी जिभेवर ठेवली की डोळा मिटतो, इतकी आंबट. हे पान कडू होतं, खरखरीत होतं. चुरगळलेल्या देठाचा वास नाकात गेला आणि त्यांना लहानपणी देवळामागे राहणारा गोसावी आठवला, त्याची गांजाची चिलीम आठवली. त्यांनी पान थुंकलं नाही, गिळलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फुलं कधी येतात हिला?"

"येतील की. दसऱ्यापर्यंत."

"येऊ देत."

एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं पोळ्या लाटून आशाबाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने, महिपतरावांनी, इंद्रलोक वसाहतीतला हा चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला होता. बिल्डिंगला लिफ्ट नाही. महिपतराव गेल्यावर आशाबाईंनी टेरेसवर बादल्या मांडल्या. मग मुलगी संचिता आणि पराग "दोन महिन्यांसाठी" राहायला आले. पराग ज्या जिममध्ये शिकवायचा ती बंद पडली होती. त्याला दोन वर्षं झाली. पराग कधी उलट बोलला नाही. तो आई-आई म्हणत सोफ्यावर बसून राहिला, एवढंच. संचिता केबिन रोडवरच्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची आणि संध्याकाळी येऊन स्वयंपाकाला लागायची.

गावी जायच्या आदल्या दिवशी आशाबाईंनी स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकलं होतं. "फ्लॅट तुझ्या नावावर केला की आईंना गावी सोडू," पराग म्हणत होता. "तिकडे घर आहेच. इथे चार मजले कुठे चढतायत त्या?" संचिता काहीच बोलली नव्हती. तिचं ते गप्प राहणं आशाबाईंना जास्त लागलं होतं.

झाडं तेव्हाच उपटता आली असती. पण मग काय झालं असतं? परागने कान धरले असते, संचिता रडली असती आणि चार दिवसांनी तो पुन्हा सोफ्यावर दिसला असता. आशाबाईंना तसं नको होतं. झाडं वाढू देत, फुलू देत, हा त्यांना हात लावताना सापडू दे. पोलीस त्याला जिन्यावरून खाली नेतील तेव्हा संचिता डोळ्यांनी बघेल. मग कुणी काही समजावत बसायला नको.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी चावी परत मागून घेतली. "तुम्हाला कशाला त्रास? मी घालते पाणी," त्या परागला म्हणाल्या. रोज सकाळी सात वाजता एका हाताने कठडा धरत, दुसऱ्या हातात छोटी बादली घेऊन त्या वर जायला लागल्या. मिरच्यांच्या काड्या त्यांनी फेकून दिल्या. पाणी फक्त त्या पाच पिंपांना मिळत होतं.

नवरात्रात झाडांवर कळ्या दिसायला लागल्या. एका दुपारी पराग खिळ्यावरची चावी काढून वर गेला आणि दोन झाडं मुळासकट उपटून पिशवीत कोंबत असताना आशाबाई आल्या.

"ती का उपटली?"

"नर आहेत, आई. ह्यांचा उपयोग नाही." बोलून गेल्यावर तो थांबला.

"आंबाडीत नर-मादी असतं?"

परागने त्यांच्याकडे बघितलं. "ह्या जातीत असतं," तो म्हणाला.

त्या दिवसापासून घरात सगळं पूर्वीसारखंच चाललं, फक्त दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघणं सोडलं. "आई, चहा?" "ठेवा तिथे." संचिता मधे बसून लॅबमधल्या गमती सांगायची आणि दोघं एकदम हसायचे.

दसरा झाला, ऊन चटका द्यायला लागलं. उरलेल्या तीन झाडांचे शेंडे फुलांनी जड झाले. फुलं म्हणजे पाकळ्या नव्हेत. पांढऱ्या केसांचे चिकट तुरे, हात लावला की बोटाला राळ लागायची आणि साबणाने निघायची नाही. वास तर आवरेना. वारा सुटला की तो जिन्यातून उतरून चौथ्या मजल्यावर यायचा.

समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेनने एका सकाळी आशाबाईंना जिन्यात गाठलं. "आशाबेन, ऊपर क्या मर गया है? मेरे घर में पूजा में बैठा नहीं जाता."

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. पण परागने अजून कापणी सुरू केली नव्हती. त्याला झाडांपाशी सापडायला हवं होतं. आशाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "खत डाला है. बोंबील का पानी."

हंसाबेन जैन. त्यांनी पदर नाकाला लावला आणि दार आपटलं. संध्याकाळी त्यांचे यजमान गुणवंतभाई दारात उभे. ते सोसायटीचे सेक्रेटरी होते, आणि टेरेसवरच्या बादल्या त्यांना पहिल्यापासून खुपत होत्या.

"हमारे सर पे मच्छी? चार साल से बोल रहा हूँ, टेरेस सोसायटी का है. रविवार तक सब खाली चाहिए. नहीं तो मैं आदमी लगा के नीचे फेंक दूँगा, और जो खर्चा होगा वो भी आप देंगी."

"हात तो लगा के देखो," आशाबाई म्हणाल्या.

"देखेंगे. रविवार को देखेंगे."

पराग आतून सगळं ऐकत होता. शुक्रवारी संचिता कामाला गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला आणि ओट्याला टेकून उभा राहिला.

"आई, हंसाबेनला खोटं का सांगितलंत?"

"तुमच्यासाठी." आशाबाईंनी गॅस बंद केला. "आता तुम्ही माझ्यासाठी एक करा. उद्याच्या उद्या हे घर सोडा. एकटे. मी कुठे बोलणार नाही. नाही गेलात तर मी फोन करते पोलिसांना."

तो घाबरेल असं त्यांना वाटलं होतं. तो हसला. खिशातून मोबाईल काढून त्याने त्यांच्यासमोर धरला. पडद्यावर त्या स्वतः होत्या, जिन्याच्या दाराच्या फटीतून टिपलेल्या. गाऊनवर ओढणी घेतलेल्या, वाकून पिंपात पाणी ओतणाऱ्या. मग दुसरा दिवस, दुसरा गाऊन. एका व्हिडिओत त्या पिवळं पान खुडून टाकत होत्या, बाळाचं नाक पुसावं तितक्या हलक्या हाताने.

"असे एकोणीस आहेत," पराग म्हणाला. "चावी तुमच्याकडे. पिंपं तुमची. बाग तुमची आहे हे सगळी बिल्डिंग सांगेल. गुणवंतभाई तर आनंदाने सांगतील. करा फोन."

आशाबाईंनी मोबाईलकडे हात नेला. त्याने तो खिशात टाकला.

"मला अजून आठ दिवस हवेत. माल घेणाऱ्या माणसाला शब्द दिलाय मी. रविवारी गुणवंतभाईंना काहीतरी सांगून थोपवा. बोंबील तुम्हाला छान सुचलं होतं."

"मेल्या," आशाबाई म्हणाल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्याला एकेरी हाक मारली. "तुझ्या नरड्यात घास कसा उतरतो माझ्या घरचा?"

"व्यवस्थित उतरतो. मीठ जरा कमी असतं."

शनिवारी दुपारी पराग बाहेर गेला तशी आशाबाईंनी कोयती घेतली आणि वर गेल्या. फार विचार केलाच नव्हता. उद्या गुणवंतभाईंची माणसं येणार, त्यांनी झाडं ओळखली की सगळं आपल्याच गळ्यात, एवढंच डोक्यात होतं. पहिलं झाड दोन घावांत पडलं. त्याचे तुकडे करताना हात काळेशार चिकट झाले, कोयतीची मूठ तळव्याला चिकटून बसली. दुसरं झाड अर्धं झालं आणि जिन्याचं दार वाजलं.

संचिता होती. शनिवारी तिची सुट्टी लवकर व्हायची. खांद्यावर अजून पर्स होती. तिने आईकडे बघितलं, फांद्यांच्या ढिगाकडे बघितलं. लॅबमध्ये काम करणाऱ्या बाईला ते काय आहे हे सांगावं लागलं नाही.

"कुणाचं आहे?"

"तुझ्या नवऱ्याचं."

"आणि तुला कधीपासून माहितेय?"

आशाबाईंनी कोयती खाली ठेवली. "गणपतीपासून."

"गणपतीपासून." संचिताने बोटांवर महिने मोजल्यासारखं केलं. "तू रोज सकाळी वर येत होतीस. मला वाटायचं मिरच्या."

"तो मला गावी टाकणार होता, बाय. मी ऐकलंय. तूही ऐकत होतीस, गप्प बसून."

"मी त्याला नाही म्हणून सांगितलं होतं. त्याच दिवशी. तू दाराआडून अर्धंच ऐकलंस." तिचा आवाज बारीक झाला. "पाणी का घालत होतीस तू?"

आशाबाई काहीतरी खोटं बोलू शकल्या असत्या. "मोठं व्हावं म्हणून," त्या म्हणाल्या. "तो पकडला जावा म्हणून."

"मीही ह्याच घरात राहते, आई. मलाही उचललं असतं. तुलाही. हे तुझ्या मनातसुद्धा आलं नाही?"

संचिताने पर्स टाकीवर ठेवली, बाह्या दुमडल्या. टाकी धुण्यासाठी सोसायटीने ठेवलेली ब्लीचिंग पावडरची पिशवी तिने कोपऱ्यातून ओढून आणली. एका पिंपातली माती उपसून तिने त्यात पाणी भरलं, पावडर ओतली आणि फांद्या त्यात दाबायला सुरुवात केली. शेवटचं झाड तिने स्वतः तोडलं. दोघी खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण बोलत नव्हत्या.

पराग आला तेव्हा पिंपात हिरवट काळा लगदा तरंगत होता. त्याने आत हात घातला आणि चटका बसून बाहेर काढला.

"अगं वेडी झालीस का? तुला कळतंय का काय केलंस? तो माणूस घरी येईल माझ्या!"

"आवाज चढवू नकोस. खाली हंसाबेन आहे."

"तुझ्या आईचे व्हिडिओ आहेत माझ्याकडे."

"दाखव."

त्याने दाखवले. संचिताने एकोणीसच्या एकोणीस, एकही न गाळता बघितले. मग मोबाईल त्याला परत दिला. "एवढं मन लावून तू माझ्याकडे कधी बघितलं नाहीस," ती म्हणाली. "ठेव. पोलिसांना दे, नाहीतर फ्रेम करून लाव. मी चालले."

"कुठे?"

"तुम्ही दोघं नसाल तिथे."

तिने एक बॅग भरली आणि मैत्रिणीकडे, मिनलकडे, पेणकरपाड्याला गेली. रविवारी गुणवंतभाईंची माणसं आली. लगदा आणि माती परागने रात्रीच पोत्यांत भरून नेली होती; टेरेसवर रिकामी पिंपं आणि ब्लीचिंगचा वास सोडून काही नव्हतं. त्यांनी पिंपंसुद्धा खाली नेली. आशाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या, हात लावू नका असंही म्हणाल्या नाहीत.

पुढचे अकरा दिवस त्या फ्लॅटमध्ये सासू आणि जावई दोघंच राहिले. तो जाईना, कारण संचिता ह्याच घरात परत येईल असं त्याला वाटत होतं. त्या कुणाला सांगेनात, कारण व्हिडिओ त्याच्याकडे होते. आशाबाई स्वतःपुरता भात लावायच्या आणि कुकर आपल्या खोलीत नेऊन ठेवायच्या. पराग बाहेरून वडापाव आणायचा आणि कागद मुद्दाम ओट्यावर टाकायचा. एका सकाळी तो बॅग घेऊन निघून गेला. नालासोपाऱ्याला भावाकडे गेला असं नंतर कळलं. जाताना त्याने आशाबाईंच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी घातली होती आणि फ्लॅटचं दार उघडंच टाकलं होतं. दुपारी कचरेवाल्याला खिडकीतून हाका मारून त्यांना ती काढून घ्यावी लागली.

दिवाळीनंतर संचिता आली, कागदपत्रं न्यायला. आशाबाईंनी फ्लॅटचे कागद काढून टेबलावर ठेवले.

"तुझ्या नावावर करते. आजच चल वकिलाकडे."

"नको."

"तो गेला ना आता. मग काय अडचण?"

संचिता आपली सर्टिफिकेटं फाईलमध्ये लावत होती. "त्याला मी सोडतेय ते माझं मी बघून. तुझ्यामुळे नाही. तू जिंकलीस असं समजू नकोस."

"मी आई आहे तुझी."

"माहितेय. म्हणूनच सांगतेय, फोन करत जाऊ नकोस. मला वाटलं की मी करेन."

"जेवून तरी जा."

"जेवून आलेय."

ती जिना उतरायला लागली. आशाबाई कठडा धरून मागे निघाल्या. पहिल्याच वळणावर गुडघ्याने दगा दिला आणि त्यांना पायरीवर बसावं लागलं. खाली फाटकाचा आवाज झाला, रिक्षा सुरू झाली.

वरून हंसाबेनने दार उघडून डोकावलं. "बेटी आई थी? रुकी नहीं?"

"आप अपना दरवाज़ा बंद करो," आशाबाई म्हणाल्या.

हंसाबेन उभ्याच राहिल्या. आशाबाई त्यांच्याकडे न बघता उठल्या, एकेक पायरी चढून वर आल्या, आत गेल्या आणि दाराच्या दोन्ही कड्या लावल्या.