वरवंट्याची दृष्ट

बनशंकरीतल्या एका मंगल कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर रविवारी सकाळी बेचाळीस गरोदर बायका प्लास्टिकच्या खुर्च्यांवर ओळीने बसल्या होत्या. बेचाळीस जणी, चौऱ्याऐंशी पावलं, सगळी घोट्यापर्यंत हळदीने माखलेली. एकीच्या मांडीवर लॅपटॉप होता, कारण तिची मीटिंग चालू होती. नवरे भिंतीला टेकून बायकांच्या चपला सांभाळत उभे होते. शिकलेसवरलेले नवरे! एकेकाच्या हातात दोन दोन चपला आणि तोंडावर देवळातला भाव.

व्यासपीठावर हयवदन गुरुजी. अंगावर रेशमी शाल, कानाला माइक, पायात मोजे. दुसऱ्यांचे पाय धुणाऱ्या या माणसाचे स्वतःचे पाय मी कधी पाहिले नाहीत.

"माते! पाय का सुजतात?" गुरुजी गरजले. "डॉक्टर म्हणतो, पाणी साठलं. अहो, आपल्या बेंगळुरात नळाला पाणी नाही, तुमच्या पायात कुठून आलं?"

सभागृह हसलं.

"ती दृष्ट आहे, दृष्ट! लोकांची नजर वरून पडते. जड असते. म्हणून खाली पायात उतरते. गुरुत्वाकर्षण! सायन्स आहे हे!"

लॅपटॉपवालीनेसुद्धा मान डोलावली.

मग प्रणीत नावाच्या त्यांच्या शिष्याने पांढरं शुभ्र ताट आणलं, कॅनमधून त्यात काचेसारखं स्वच्छ पाणी ओतलं आणि पहिल्या बाईचे पाय त्यात ठेवले. पिवळी पावलं बघता बघता लाल झाली आणि पाणीही लाल होत गेलं. रक्तासारखं. बायका किंचाळल्या, एका नवऱ्याच्या हातातून चपला पडल्या.

गुरुजी ताटात वाकून बघू लागले. "हा गोल दिसतो? ही तुमची जाऊ. ही रेघ म्हणजे ऑफिस. सात माणसं आहेत ऑफिसातली. त्यात दोन टीम लीड!"

"तीन आहेत, गुरुजी," बाई रडत म्हणाली.

"तिसरा टाचेत अडकलाय. निघेल." मग त्यांनी अर्धं लिंबू हातात घेतलं, काहीतरी पुटपुटले आणि ताटात पिळलं. लाल पाणी पुन्हा पिवळं झालं. दृष्ट उतरली! टाळ्या!

मी, मालोजी, चिकपेटेत साड्यांच्या घाऊक दुकानात तीस वर्षं कापड मोजतो. डोळ्यांसमोर मीटरभर कापडाचं पाऊण मीटर कसं करतात, हे मला माहीत आहे. कुठेतरी पट्टी सरकली होती. कुठे, ते मात्र कळत नव्हतं.

मी तिथे होतो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे, रत्नाबाई अक्कामुळे. तिची सून दिव्यश्री हिला आठवा महिना. पाय असे सुजलेले की नवऱ्याच्या चपला घालून आली होती, त्यातूनही मांस बाहेर. पायांचं एक वेळ सोडा, तिचं तोंडही सुजलं होतं, आणि बोटातली अंगठी निघत नव्हती. डॉक्टरांनी रक्तदाब वाढलाय म्हणून गोळ्या दिल्या होत्या. गुरुजींनी त्या पहिल्याच भेटीत बंद केल्या. "गोळीने दृष्ट आत कोंडते." अक्काने गोळ्यांचं पाकीट मसाल्याच्या डब्यात, धण्यांखाली लपवलं.

शिवाय नियमांचा छापील कागद. पाय उंचावर ठेवू नयेत, दृष्ट उलटी डोक्यात चढते. सूर्य मावळल्यावर पाणी पिऊ नये. डाव्या कुशीवर झोपू नये. पोटाचं तोंड मेट्रोच्या पुलाकडे करू नये, कारण येणाऱ्याजाणाऱ्या गाडीतून सहा डब्यांची दृष्ट एकदम लागते. या शेवटच्या नियमापायी विराटने, म्हणजे दिव्यश्रीच्या नवऱ्याने, मोबाइलवर नकाशा लावून पलंग फिरवला होता. हा पोरगा कंपनीत कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम लिहितो. त्याला पगार कशाचा देतात कोण जाणे.

माझ्याच्याने राहवेना. मी उठून ओरडलो, "ताटाला रंग लावलाय! सगळी बनवाबनवी आहे!"

"या अण्णा, या," गुरुजी गोड हसले. "प्रणीत, अण्णांना ताट दे."

मी ताट शर्टाने पुसलं. शर्ट पांढराच राहिला. कॅनमधलं पाणी नाकाला लावलं, वास नाही. शेवटी ईर्ष्येने एक घोट प्यालो. तुरट, कडवट, आणि जीभ अशी ओढली गेली की मला धड बोलताच येईना.

"बघा!" गुरुजींनी हात वर केले. "नास्तिकाची जीभ धरली!"

बेचाळीस गरोदर बायका मला हसल्या. दोन तासांनी माझी जीभ ताळ्यावर आली, पण माझं ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

पुढच्या रविवारी बसवनगुडीत अक्काच्या घरी दिव्यश्रीचं डोहाळजेवण. गुरुजींना खास घरी बोलावलेलं. मी गेलो तेव्हा पोरगी हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत, खुर्चीवर डोळे मिटून बसली होती.

"काय गं, झोप आली?"

"नाही मामा. दोन दिवस झाले, डोकं फुटतंय. आणि डोळे उघडले की ठिणग्या दिसतायत. बारीक बारीक."

मी स्वयंपाकघरात धावलो. "अक्का, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"

"स्वल्प थांब रे. गुरुजी म्हणाले, ठिणग्या म्हणजे दृष्ट जळतेय."

"दृष्ट नाही, तुझी सून जळतेय!"

"मालोजी! शुभकार्यात असलं बोलशील तर घरी जा."

दारातून अक्काचे यजमान, रघुजी भावोजी म्हणाले, "सातवी शिकलेल्या माणसाने डॉक्टरकी करू नये." ते स्वतः पदवीधर. मी गप्प बसलो. गप्प बसलो याची आजही लाज वाटते.

गुरुजी आले. ताट, कॅन, लिंबं. हळद लावलेले पाय पाण्यात गेले आणि पाणी लालभडक झालं. घरभर हाय हाय. लिंबू पिळलं, पाणी पिवळं झालं.

"फार चिवट दृष्ट आहे," गुरुजी म्हणाले. "अजून दोनदा करू. प्रणीत, दुसरं ताट."

प्रणीत कॅनकडे वळला. तेवढ्यात अक्का आतून आरतीचं ताट घेऊन आली. आमच्याकडे डोहाळजेवण असो, बारसं असो, नवी नवरी दारात येवो, लाल पाण्याच्या आरतीशिवाय चालत नाही. सुनेला ओवाळायच्या आधी तिने ताट क्षणभर गुरुजींपुढे टेकवलं आणि नमस्काराला वाकली.

गुरुजींचे डोळे अर्धे मिटलेले. दिवसाला चाळीस ताटं करणारा माणूस तो. पुढ्यात ताट आलं, त्यात लाल पाणी दिसलं, आणि हात आपोआप चालला. पुटपुटले आणि अर्धं लिंबू अक्काच्या आरतीत पिळलं.

आरती पिवळी झाली.

अक्का वाकलेली होती, ती तशीच राहिली. मग हळूच सरळ झाली. "गुरुजी, ही माझी आरती होती."

गुरुजींनी डोळे उघडले. ताट पाहिलं, प्रणीतकडे पाहिलं. "सरी, सरी, ठीक आहे. अम्मा, तुमच्या आरतीतसुद्धा दृष्ट होती! बरं झालं, उतरली!"

"पाच मिनिटांपूर्वी मी केली. माझ्या हाताने. पाणी, हळद आणि चिमटीभर चुना."

अक्का बोटं मोजू लागली. "हळद तुम्ही पायाला लावायला सांगता. पाणी तुम्ही घरून आणता, आमच्या नळाचं चालत नाही म्हणता." तिने माझ्याकडे पाहिलं. "मालोजी, त्या दिवशी जीभ कशी झाली होती तुझी?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तीस वर्षं पान खातो मी! "पानात चुना जास्त झाला की होते तशी! अक्का, कॅनमध्ये चुन्याची निवळी आहे! चुना तळाला बसतो, वर राहतं ते पाणी स्वच्छ दिसतं!"

"अम्मा, श्रद्धेत शंका आणू नका," गुरुजींचा आवाज माइक नसल्यामुळे एकदम बारीक वाटला. "बाळाला बाधेल."

बाळाचं नाव निघालं तशी अक्का आत गेली. मला वाटलं, घाबरली. ती बाहेर आली ती वरवंटा घेऊन. बारशाला बाळाच्या आधी पाळण्यात फिरवायचा म्हणून घासूनपुसून ठेवलेला काळा वरवंटा. तिने तो मधोमध धरला, खालच्या टोकाला हळद थापली, प्रणीतने कॅनमधून भरलेलं दुसरं ताट ओढलं आणि वरवंटा पाण्यात उभा केला.

पाणी लाल झालं. दिव्यश्रीच्या पायांनी झालं होतं, तसंच.

फुलांच्या वाडीतून दिव्यश्रीने एक डोळा उघडला. "अत्ते," सासूला ती अत्ते म्हणते, "वरवंट्याला कितवा महिना?"

एक बाई फस्सकन हसली.

"दगडालाही दृष्ट लागते!" गुरुजी ओरडले. "रोज चटणी वाटता, किती लोक बघतात!"

"तर मग माझा पाय बघा," म्हणत रघुजी भावोजींनी धोतर वर करून एक पाय हळदीत आणि मग ताटात घातला. का घातला, ते त्यांनाच ठाऊक. पदवीधर माणूस, खात्री करून घ्यायची असेल. पाणी आणखी लाल झालं. एकाहत्तराव्या वर्षी भावोजी चांगलेच भरल्या दिवसांचे निघाले.

आता सगळं घर हसत होतं. अक्का हसत नव्हती. ती मसाल्याचा डबा उघडून धणे उपसत होती. सगळे धणे जमिनीवर. गोळ्यांचं पाकीट हातात घेऊन ती म्हणाली, "विराट, गाडी काढ."

"अगं, पण ओवाळणी..."

"गाडी काढ म्हटलं ना!"

दवाखान्यात रक्तदाब निघाला एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. डॉक्टर भूमिका म्हणून बाई होत्या, वयाने विराटएवढ्या. त्यांनी इंजेक्शन दिलं, लघवी तपासायला पाठवली आणि मग आम्हा चौघांना भिंतीशी उभं करून झोडपलं.

"पाय थोडे सुजले तर घाबरायचं नाही. बसताना उशीवर उंच ठेवायचे, डाव्या कुशीवर झोपायचं, गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची, तासन्‌तास एका जागी उभं राहायचं नाही, तहान लागेल तेव्हा पाणी प्यायचं. पण तोंड सुजलं, डोकं ठणकलं, ठिणग्या दिसल्या, की एक मिनिट थांबायचं नाही. हिला कधीही झटका आला असता. झटका कळतो का तुम्हाला? आई आणि बाळ, दोघंही गेली असती. गोळ्या कुणी बंद केल्या?"

भावोजी छताकडे बघू लागले. विराटने मोबाइल काढला. अक्का पुढे झाली.

"मी केल्या. धण्यांत लपवल्या."

डॉक्टरीणबाईंनी पाकीट तिच्या हातून घेतलं. "बरं, आणल्यात तरी," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी बाळंत करावं लागलं. मुलगी. पावणेदोन किलोची. सोळा दिवस काचेच्या पेटीत होती. त्या सोळा दिवसांत अक्का जेवली कधी, झोपली कधी, मला सांगता येणार नाही. एकदा मात्र पेटीकडे बघत म्हणाली, "चाळीस वर्षं मी ते लाल पाणी करतेय रे. माझ्याच हातचं होतं. दुसऱ्याच्या ताटात दिसलं आणि मला ओळखू आलं नाही." त्या सभागृहातल्या प्रत्येक बाईच्या घरी हळद होती आणि चुना होता. बेचाळीसातल्या एकीलाही ओळखू आलं नाही. मलाही नाही.

हयवदन गुरुजींचं काय झालं? काही झालं नाही. मी चौकशी केली तेव्हा कळलं, पूर्वी हा माणूस पाणी शुद्ध करायची यंत्रं घरोघर फिरून विकायचा. नळाच्या पाण्याचा रंग बदलून दाखवायचा आणि बायकांना घाबरवायचा. पाणी तेच, फक्त आता त्यात बायकांचे पाय. आम्ही तक्रार दिली आहे, तो दुसऱ्या भागात दुसऱ्या सभागृहात गेला आहे, आणि माझी खात्री आहे, या रविवारीही नवरे भिंतीला टेकून चपला सांभाळत असतील.

बारसं दोन महिन्यांनी झालं. बाळंतिणीने पाणी कमी प्यावं असं कुणी म्हातारी कुजबुजली, तर दिव्यश्रीने तिच्यासमोर तांब्या तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला. बाळ झोपलं की तीही झोपायची, आणि भांडी विराट घासायचा. पलंग कुठे तोंड करून आहे, याची आता कुणी चौकशी करत नाही. रक्तदाब मोजायचं यंत्र देव्हाऱ्याशेजारी. बाळंत झाल्यावरही चढू शकतो, म्हणून रोज मोजायचं.

वरवंटा पाळण्यातून फिरला, मग मुलगी फिरली. अक्का लाल आरती घेऊन आली. मी म्हटलं, आता तरी सोड ही आरती. "का सोडू? रंग सुंदर आहे," ती म्हणाली. मग ओवाळायच्या आधी ताट सगळ्या बायकांपुढे फिरवलं. त्यांत दोन गरोदर होत्या.

"नीट बघून घ्या," अक्का म्हणाली. "पाणी, हळद, चुना. लिंबू पिळलं की पिवळं होतं. यात दृष्ट नाही, देव नाही, तुमची जाऊ नाही. घरी जाऊन करून बघा. आणि पाय सुजले तर ताटात घालू नका, उशीवर ठेवा. डोकं दुखलं तर गुरुजीला नाही, डॉक्टरला बोलवा. माझ्यासारख्या सासवेने गोळ्या लपवल्या तर डबे उपसा. काही विचारायचंय?"

दोघींपैकी एकीने हात वर केला. "अक्का, मला कधीपासून ठिणग्या दिसतायत."

अक्काने आरती माझ्या हातात कोंबली आणि विराटला हाक मारली.