समुद्रदेवीची ओटी

ज्या गावात बाळंतपण, त्या गावच्या देवीची ओटी आधी भरायची, ही हडपसरच्या बायडाबाईंच्या घरची रीत. रानातला ऊस जाऊन काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी ती मोडली नव्हती. आता नात राजनंदिनी जपानी शिकली, आयटीच्या नोकरीनं जपानातच जाऊन बसली आणि तिथं तिला सातवा लागला, म्हणून काय मोडायची? बायडाबाई विमानात बसल्या. नारळ-तांदूळ विमानतळावर काढून घेतले, खण तेवढा राहिला.

"तांदूळ इथलेच घे," त्या नातीला म्हणाल्या. "इथल्या देवीला तेच पचतील."

देऊळ समुद्राच्या कड्यावर होतं. दारावर भाताच्या काडाचा मांडीएवढा दोर. बायडाबाईंनी मान वर करून पीळ जोखला. "उलटा वळलाय. पण हात कसलेला हाय." हौदावर हात धुतले, चूळ भरली. पण गाभाऱ्याचं दार बंद.

"देवी कुठाय?"

"आत. कुणालाच दिसत नाही, आज्जी."

"मग ओटी पोचली का न्हाई, कुणी सांगायचं? उद्या तुझ्या जिवाला काही..." पुढचं त्यांनी गिळलं. पायऱ्या चढून थेट दाराच्या फटीला डोळा लावला. पुजारी गडबडून धावला.

"आज्जी, नको!" राजनंदिनीनं हात धरला. "ऐक तरी. ही समुद्राच्या राजाची लेक. बाळंत व्हायला इथं किनाऱ्यावर आली. नवऱ्याला म्हणाली, आत बघू नका. त्यानं बघितलं. मग पोर इथंच ठेवून ती पाण्यात गेली, ती गेलीच."

बायडाबाई चटका बसल्यासारख्या मागं सरल्या.

"बाळंतिणीच्या खोलीत डोकावला? मेल्याला तेवढाही दम निघेना!"

पायऱ्या उतरून त्यांनी खण-तांदूळ पुजाऱ्याच्या तबकात ठेवले, देवीला म्हणून हळदीकुंकवाचं बोट खणाला लावलं. पुजारी आत निघाला. नातजावई तेजसनं कॅमेरा काढून टाचा उंचावल्या.

"जावईबापू, समुद्राकडं बघा. हे बायकांचं काम हाय."

तेजस कॅमेरा खाली घेऊन वळला. बायडाबाईंनीही पाठ केली. मागं दार कुरकुरलं. त्यांची मान वळू पाहत होती, पदराचं टोक मुठीत आवळलं गेलं, पण त्या हलल्या नाहीत. दार मिटलं.

"ठेवली?"

"ठेवली, आज्जी. वळून बघायचं होतंस, पोचलेली दिसली असती."

"गप. तुझी वेळ जवळ आलीय, आणि बघून घालवू तिला पाण्यात?"