फलकाने झाकलेली सूचना

मित्रांनो, मी एक जुना सूचनाफलक आहे. आजवर तुमच्यासारख्या हजारो मुलामुलींनी माझ्यासमोर मान वर करून वाचले. आज मात्र मला मान खाली घालून बोलायचे आहे. फलकाला मान कुठे असते, असे म्हणून हसू नका. लाज वाटण्यासाठी मान असावीच लागते असे नाही, हे मला या वसंतात कळले.

माझा जन्म विद्यापीठाच्याच कार्यशाळेत झाला. एका सुताराने माझी लाकडी चौकट बेतली, तिला चार वेळा पॉलिश केले आणि आत मऊ बोर्ड बसवून त्यावर हिरवे कापड ताणले. मला न्यायला दोन शिपाई आले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "ह्याला खिळे मारू नका रे. टाचणीचं काम आहे ह्याचं." ते ऐकून मला आपण कोणीतरी नाजूक आणि खानदानी आहोत असे वाटले. ही माझी खोड जन्मापासूनचीच म्हणायची.

मला मुख्य इमारतीच्या लांब व्हरांड्यात टांगले. माझ्या डाव्या हाताला कार्यालयाचे दार, उजव्या हाताला ग्रंथालयाचे आणि समोर पिण्याच्या पाण्याचा नळ. पाणी प्यायला आलेला माणूस घोट घेता घेता मला वाचणारच, इतकी मोक्याची जागा! तेव्हा कार्यालयात एक वयस्क कारकून होते. मुले त्यांना लालशाईकाका म्हणत. कोणतीही सूचना लावण्याआधी ते तिच्या कोपऱ्यात लाल शाईने ती काढायची तारीख लिहीत. त्या तारखेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूचना खाली उतरलीच म्हणून समजा. एका कागदावर दुसरा कागद त्यांना खपत नसे. "आधी आलेल्याच्या डोक्यावर बसायचं नाही," असे ते विद्यार्थ्यांना दटावत. आणि लोकांना सांगत, "दुसऱ्याच्या कागदाला हात लावायचा नाही. वाचायचं आणि पुढं जायचं."

वसंत म्हणजे माझी सुगी! बाहेर झाडांना पालवी फुटे आणि माझ्या अंगावर कागद फुटत. परीक्षा तोंडावर आलेल्या, सुटीत काय करायचे याचा घोर लागलेला, अशा दिवसांत सगळे माझ्याकडे धावत. उन्हाळी शिबिरे, शिष्यवृत्त्या, गायकवृंदासाठी निवड, वनस्पती उद्यानात पक्षी मोजायचे दोन महिन्यांचे काम, वसतिगृहातल्या खोल्या, पाहुण्यांची व्याख्याने, एक विकाऊ सायकल, एक हरवलेली छत्री. गर्दी इतकी होई की मागचा पुढच्याच्या खांद्यावरून वाचे. पक्षी मोजायला गेलेली एक मुलगी पुढे त्याच उद्यानाची प्रमुख झाली. एकदा आली आणि माझ्या चौकटीवरून हात फिरवून गेली. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

माझ्या वाचकांत सगळ्यांत नेमाची वाचक होती ग्रंथालयातली मावशी. वाचून झालेली पुस्तके पुन्हा त्यांच्या जागी लावायची, हे तिचे काम. बावीस वर्षे करत होती. कोणते पुस्तक कोणत्या खणात, हे टेबलामागच्या साहाय्यकाला संगणकात शोधायला लागे; मावशी नुसती हनुवटीने दाखवी. ग्रंथालय नऊला उघडे आणि ती पावणेनऊला माझ्यासमोर हजर असे. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सायकलीच्या जाहिरातीसकट सगळे वाची. ती एका सूचनेची वाट पाहत होती.

ती सूचना तीन वर्षांतून एकदाच येई. विद्यापीठात दहा वर्षे सेवा केलेल्या एका कर्मचाऱ्याला ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमात बिनफीची जागा मिळे. अभ्यासक्रम पुरा केला की साहाय्यकाची खुर्ची. अट वयाची होती, पंचेचाळीसच्या आत. मागच्या खेपेला मावशीची सासू अंथरुणाला खिळली होती, त्यामुळे तिने अर्ज भरलाच नाही. त्याआधी मुलगी शाळेत होती. यंदा मावशीला चव्वेचाळीसावे सरत आलेले. मुलगी पदवीधर होऊन नोकरीला लागली, तेव्हा आईला म्हणाली होती, "आई, आता तुझा नंबर." हे मावशीने नळावर पाणी पिता पिता बागेच्या माळ्याला सांगितले, म्हणून मला माहीत.

माळी म्हणाला, "मग मावशी, ऑफिसात जाऊन सरळ विचारा की."

"रोज कोण विचारणार बाबा? त्यांना वाटायचं, ही आली परत तोंड घेऊन. लागायची तेव्हा लागेल फलकावर. फलकावर नाही म्हणजे नाही."

मित्रांनो, माझ्यावर इतका भरवसा! त्या दिवशी मी फुगून किती झालो असेन, विचारू नका. भरवसा टाकणाऱ्याचे काही आपण देणे लागतो, हे मात्र तेव्हा मनात आले नाही.

मागच्या हिवाळ्यात लालशाईकाका निवृत्त झाले. त्याआधीपासूनच माझे दिवस फिरले होते. सूचना आता मेलवर जात. माझे कापड विटले, कडा उसवल्या, टाचण्या गंजल्या. कधी कधी आठवडाभर एका छत्रीखेरीज माझ्या अंगावर काही नसे. मुले समोरून जात ती हातातल्या फोनकडे बघत. मी कुढत असे. कोणी नुसते बघावे म्हणून आतुर झालेल्या म्हाताऱ्याची जी गत होते, तीच माझी झाली.

लालशाईकाकांच्या जागी एक तरुण कारकून आला. माणूस चांगला, हसतमुख, पण पायाला भिंगरी. वसंत सुरू झाला तशी त्याने एका गुरुवारी अर्ध्या पानाची, बारीक टंकलेली एक सूचना माझ्या मधोमध लावली. तीच ती, मावशीची! कोपऱ्यात लाल तारीख नव्हती, पण मजकुरात अर्जाची शेवटची तारीख होती. ती तिसऱ्या शुक्रवारची होती. त्या दिवशी मावशी सकाळी येऊन वाचून गेली होती. सूचना दुपारी लागली. आता उद्या पावणेनऊला काय मजा येईल, असे मी मनाशी म्हणालो.

पण शुक्रवारी सकाळी साडेआठलाच कारकून एक मोठी गुंडाळी घेऊन आला. वसंत मेळाव्याचे पोस्टर! विद्यापीठाच्या मैदानावर नोकऱ्यांचे, अभ्यासक्रमांचे मंडप, गाणी, स्पर्धा, असा तो मेळावा. पोस्टर पिवळ्याधमक फुलांचे, गुळगुळीत, जवळजवळ माझ्याएवढे. शिपायाने विचारले, "साहेब, खाली एक कागद आहे. काढू का?"

"राहू दे, राहू दे. मेल गेलाय त्याचा सगळ्यांना. इथं आपलं नियमापुरतं."

मावशीची सूचना पोस्टरखाली गेली. विद्यापीठाने शिपाई, माळी, सफाई कामगार आणि पुस्तके लावणाऱ्या बायका यांना मेलचे खाते दिलेलेच नव्हते. कारकुनाच्या ते ध्यानात आले नाही. माझ्या ध्यानात होते. ती सगळी मंडळी मलाच वाचत होती, मला कसे माहीत नसणार?

आणि तरी मला काय वाटले, सांगू? मी खूश झालो. किती दिवसांनी मी नटलो होतो! मुली माझ्यासमोर उभ्या राहून फोटो काढत. गुळगुळीत कागदामुळे माझे विटके कापड दिसेनासे झाले. पावणेनऊला मावशी आली, फुले पाहून हसली, मेळाव्याची वेळ वाचली, आणखी काही शोधले आणि गेली. मी तिला जाऊ दिले. मी बोलू शकत नव्हतो हे खरे. पण मला बोलता यावे, असेही मला वाटले नाही. माझी खरी लाज ही आहे.

याहून वाईट पुढे आहे. अर्जाच्या शेवटच्या तारखेला तीन दिवस उरले होते. व्हरांड्याची खिडकी उघडी होती, वारा आला आणि पोस्टरच्या खालच्या कोपऱ्याची गंजकी टाचणी निसटून पडली. कोपरा फडफडू लागला. आतली सूचना एका बाजूने दिसू लागली. 'दहा वर्षे सेवा पूर्ण' एवढी अक्षरे तर सरळ समोर आली. इतक्यात मावशी आली. आता मला काय वाटावे? पोस्टर फाटेल, माझा दिमाख जाईल, याची मला धास्ती पडली. कोणीतरी टाचणी लावा, टाचणी लावा, असे मी मनात घोकत होतो.

मावशीने खाली वाकून टाचणी उचलली. बावीस वर्षे पुस्तके सरळ करणारा तो हात, त्याला वाकडे काही बघवत नसे. दुसऱ्याच्या कागदाखाली डोकवायचे नाही, हे लालशाईकाकांचे बोलणेही तिच्या अंगवळणी पडलेले. तिने मान वर करून आत पाहिलेसुद्धा नाही. कोपरा नीट बसवला, अंगठ्याने टाचणी दाबली आणि पदराला हात पुसून ती ग्रंथालयात गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मेळावा शनिवारी झाला. सोमवारी सकाळी शिपायाने पोस्टर उतरवले आणि पाचच मिनिटांनी मावशी आली. तिने सूचना वाचली. पुन्हा वाचली. मग तारखेवर बोट ठेवून उभी राहिली. ते बोट कापडातून मला लागत होते. नळाचे पाणी थेंब थेंब गळत होते तेवढाच आवाज. मग ती कार्यालयात गेली. दार उघडेच होते.

"सर, ती ग्रंथालयशास्त्राची जागा... अर्ज द्यायचाय."

"अहो मावशी, शुक्रवारीच संपली की मुदत. मेल गेला होता सगळ्यांना."

"आम्हाला कुठला मेल, सर? आम्हाला खातंच नाही."

कारकुनाने दाराबाहेर बोट दाखवले. म्हणाला, "फलकावर पण लावली होती."

"मी रोज वाचते फलक."

तो बाहेर आला. माझ्याकडे पाहिले, भिंतीशी टेकवलेल्या पोस्टरच्या गुंडाळीकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "मावशी, चूक माझी. मीच लावलं ते ह्याच्यावर. मला सुचायला हवं होतं."

मावशी हळूच म्हणाली, "कोपरा सुटला होता हो मंगळवारी. मीच दाबून बसवला."

मित्रांनो, फलकाला डोळे मिटता आले असते तर मी ते मिटले असते.

कारकुनाने तिथेच तिच्याकडून अर्ज भरून घेतला आणि तो घेऊन वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांकडे धावला. अर्ध्या तासाने उतरला तो पाय ओढत. "एकही अर्ज आला नव्हता म्हणे. जागा रिकामीच राहणार यंदा. पण तारखेनंतर घेता येत नाही म्हणतात. मी खूप सांगून पाहिलं, मावशी."

"परत कधी निघेल?"

"तीन वर्षांनी."

"तोवर सत्तेचाळीस होतील मला," मावशी म्हणाली. तिने अर्जाची घडी केली, पिशवीत ठेवली आणि ती कामाला गेली. त्या दुपारी एक विद्यार्थी साहाय्यकाकडे तक्रार घेऊन आला की पुस्तक जागेवर नाही. बावीस वर्षांत हे पहिल्यांदा घडले.

मी लाकूड आणि कापड, माझा काय दोष, असे मी स्वतःला बरेच दिवस समजावले. पोस्टर कारकुनाने लावले, टाचणी मावशीने दाबली, मोठ्या साहेबांनी नाही म्हटले. पण या सगळ्यांत पोस्टरखाली काय आहे आणि त्याची वाट कोण पाहत आहे हे ठाऊक असणारा आणि तरी नटण्यात रमलेला एकटा मीच होतो. हे कोणालाच माहीत नाही. म्हणून तर तुम्हाला सांगितले. सांगितल्याने हलके वाटते म्हणतात. मला तर तेही वाटत नाही.

त्यानंतर मावशी तीन आठवडे माझ्यासमोरून मान न वळवता गेली. चौथ्या सोमवारी आली ती हातात रेघांचा कागद आणि पेन्सिल घेऊन. आधी कार्यालयात गेली, मेलवर गेलेल्या सूचनांची यादी कारकुनाकडून मागून घेतली आणि हाताने उतरवली. मग माझ्यासमोर उभी राहून एकेक ओळ पडताळू लागली. यादीत रोपवाटिकेतल्या कलमांच्या प्रशिक्षणाची सूचना होती, माळ्यांसाठीची. माझ्यावर ती नव्हती. मावशीने कारकुनाला हाक मारून ती लावून घेतली, आणि नळावर माळ्याला वाचून दाखवली.

माळी चाचरत म्हणाला, "मावशी, तुमचं तर राहिलं, आणि तुम्ही आमच्यासाठी..."

"गप बस. अर्ज कधी देतोस ते सांग."

माळ्याने त्याच दिवशी अर्ज दिला.

मित्रांनो, तुमच्या शाळेत, गल्लीत, कामाच्या जागी माझा कोणी भाऊबंद टांगलेला असेल. त्यावर आपला कागद लावण्याआधी खाली कोणाचा आहे ते वाचा. तो बारीक अक्षरातला, बिनरंगाचा असेल, पण कोणीतरी रोज पावणेनऊला येऊन त्याचीच वाट पाहत असेल. ज्यांच्यापर्यंत दुसरा निरोप पोचत नाही, त्यांना तोंडाने जाऊन सांगा. आणि कोणी तुमच्यावर भरवसा ठेवला, तर माझ्यासारखे नुसते फुगू नका.

मावशी आता दर सोमवारी येते. पूर्वी ती मला वाचायची, आता तपासते. आज सकाळीही तिने पेन्सिलीने खुणा केल्या, माझ्यावर शेवटची नजर फिरवली, आणि मी पास झालो की नापास हे न सांगताच पुस्तके लावायला निघून गेली.