सहा वाक्यांची ओळख

टॅबलेटच्या पडद्याच्या कडेची, पाळीची वेळ मोजणारी दोरी निम्मी जळून गेली, तरी ऑपरेटरबाईंनी पत्ता टाकला नाही. एक बोट नावाड्याच्या चित्राशी थबकलेले, दुसऱ्या हाताने चष्मा सावरणे चालू. दोरी संपली की पाळी आपोआप पलीकडे जाते. शेवटचा बोटभर तुकडा उरला तेव्हा त्यांनी नावाडी पुढे सरकवला आणि श्वास सोडला.

पलीकडे कंदील होता. हे त्याचे खेळातले नाव. खरे नाव काय, बाई की बुवा, म्हातारा की तरणा, राहतो कुठे, यातले काही ठाऊक नव्हते. दुपारचा चहा झाला की तो यायचा, एवढे मात्र खरे. त्याने जरा वेळ घेऊन एक किरकोळ पत्ता टाकला आणि पुढच्याच फेरीत हरला.

‘वा, छान’, त्याच्या फुग्यात अक्षरे उमटली.

बाईंनी ‘धन्यवाद’वर बोट ठेवले. या खेळात एकमेकांशी बोलायला सहाच वाक्ये दिलेली होती. ‘नमस्कार’, ‘वा, छान’, ‘अरेरे’, ‘विचार चालू आहे’, ‘धन्यवाद’ आणि ‘पुन्हा एक डाव?’. सातवे काही बोलायची सोय नव्हती, आणि ज्यांनी तीस वर्षे टेलिफोनच्या बोर्डावर बसून दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली त्या बाईंना त्याचे फारसे वाईटही वाटत नसे.

हे ‘धन्यवाद’ मात्र त्यांच्या नावाने पलीकडे जात नव्हते. पडद्यावर नाव होते घड्याळजी. टॅबलेट नवऱ्याचा, खाते नवऱ्याचे, पत्त्यांचा कॅटही त्यांनीच खालचे घड्याळांचे दुकान बंद केल्यावर एकेक करून निगुतीने जमवलेला. घड्याळजींना जाऊन दोन वर्षे होत आली होती. गेल्यानंतर महिन्याभराने बाई टेबल पुसत होत्या, तेव्हा धक्का लागून टॅबलेट उजळला आणि कंदीलचा ‘नमस्कार’ समोर आला. दारात आलेल्या माणसाला तसेच उभे कसे ठेवायचे, म्हणून त्या बसल्या. खांद्यावरून बघून बघून खेळ डोळ्यांखालून गेलेला होताच. आधी नावाडी, मग मधमाश्या, मग वादळ. घड्याळजी मांडत त्याच क्रमाने त्यांनी पत्ते मांडले. दुसऱ्या दिवशीही मांडले. होता होता निम्म्याहून जास्त डाव त्या जिंकू लागल्या. आपल्या हातात खेळ आहे, असे त्यांना अलीकडे वाटू लागले होते, आणि उतारवयात कळलेल्या या गोष्टीची त्यांना मनातून मौजही वाटे.

त्या दिवशी डाव संपल्यावर पडद्यावर एक चौकट उघडली. बाईंनी ती दोनदा वाचली आणि थोरली लेक येईपर्यंत तशीच उघडी ठेवली. थोरली रविवारी आली आणि आल्या आल्या स्टुलावर चढून स्वयंपाकघरातला गेलेला बल्ब बदलू लागली.

“थोरले, हे निवृत्त म्हणजे काय गं?”

“कोण निवृत्त?”

“पत्ते. इथं लिहिलंय, पहिले तीन संच महिनाअखेर निवृत्त होणार.”

“अगं, पेन्शनीत निघाले. संग्रहात राहतील, बघता येतील, पण डावात मांडता येणार नाहीत. नवे संच आले की जुन्यांना घरी बसवतात.”

“त्यांनी काय कुणाचं घोडं मारलंय?”

“लोक कंटाळतात तेच तेच बघून. आणि नवे विकायचे असतात ना कंपनीला.” थोरलीने बल्ब फिरवून घट्ट केला. “बाबांचे किती जातात त्यात?”

“सगळे.”

थोरली खाली उतरली. हात पुसत तिने टॅबलेट ओढून घेतला.

“मग चुरा कर त्यांचा. जुना पत्ता मोडला की चुरा मिळतो, आणि चुऱ्यातून हवा तो नवा घडवता येतो. एवढे सोनेरी काठांचे आहेत, झकास नवा कॅट होईल तुझा.”

“आणि खेळू कशी? मला बाबांसारखं खेळता येतं ते या पत्त्यांवर. नवे हातात आले, की त्या कंदीलला दोन चालींत कळेल हा माणूस दुसराच आहे म्हणून.”

“म्हणजे तू अजून सांगितलंच नाहीस त्याला?”

“कसं सांगू? सहा वाक्यं आहेत. त्यात ‘वारले’ नाही.”

थोरलीला हसू फुटले आणि मध्येच विरले. तिने आईकडे पाहिले.

“आई, तो कोण, कुठला. त्याला काय फरक पडतो?”

बाईंनी जुना बल्ब कानाशी धरून हलवला. आतली तुटकी तार किणकिणली. तो कागदात गुंडाळून त्यांनी टोपलीत ठेवला, मग टोपली जागेवर सरकवली, मग उगाच पुन्हा सरळ केली. बँकेने नाव काढले होते. वाचनालयाने कार्ड परत मागितले होते. खालच्या दुकानाची पाटी उतरून तिथे कपडे धुण्याची यंत्रे बसली होती. घड्याळजी अजून आहेत, चहा पिऊन येतीलच आता खेळायला, असे साऱ्या जगात फक्त एकाला वाटत होते. तो एक महिनाअखेर हातचा जाणार होता.

“चुरा नको,” बाई एवढेच म्हणाल्या.

पुढचे काही दिवस त्या टॅबलेटवरच, डावाबाहेर असलेल्या खेळाच्या चावडीवर जाऊन बसू लागल्या. खेळणारी मंडळी तिथे हवे ते लिहीत. सूचनेखाली नुसता गोंधळ माजला होता. एकाने लिहिले होते, बरे झाले, ते कासव बघून बघून वीट आला होता. त्याला दुसऱ्याने झापले होते, की कासवाच्या जिवावर वर चढलास आणि आता शिडी लाथाडतोस होय. कुणी कंपनीच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. कुणी विचारत होते, मोडू की ठेवू, मोडू की ठेवू, आणि खाली सतराशे सल्ले. एका माणसाने लिहिले होते, ‘आजारपणात मी हेच पत्ते खेळलो. बाकी काही म्हणायचे नाही.’ त्याच्याखाली कुणीच काही लिहिले नव्हते.

तिथेच बाईंना निरोपाच्या डावाचे कळले. रीत जुन्या खेळणाऱ्यांची होती, नियमात कुठे नव्हती. संच जायच्या आदल्या दिवशी दोघांनी बसायचे, पण कुणी कुणावर चाल करायची नाही. जाणारे पत्ते एकेक करून मांडायचे, समोरच्याने प्रत्येकाला ‘वा, छान’ म्हणायचे. सगळे मांडून झाले की डाव सोडून द्यायचा. जिंकणे नाही, हरणे नाही.

त्या दुपारी बाईंनी चहा लवकरच केला आणि अर्धा तसाच ठेवला. कंदील आला. ‘नमस्कार’. ‘नमस्कार’. पहिली पाळी त्याची होती. त्याने एक पत्ता मांडला आणि चाल न करता पाळी सोडून दिली. त्यालाही रीत माहीत होती तर.

बाईंनी नावाडी मांडला.

‘वा, छान’.

मग मधमाश्या. मग वादळ. घड्याळजींनी तीन महिने खपून मिळवलेला सोनेरी सारस. प्रत्येकाला पलीकडून ‘वा, छान’ येत होते, थोडे थांबून, मनापासून बघितल्यासारखे. बाईही त्याच्या पत्त्यांना दाद देत होत्या. मेंढपाळ, पूल, दोन बहिणी. सगळे रोजचे, ओळखीचे.

मग त्याने एक पत्ता मांडला आणि बाईंचे बोट हवेतच राहिले.

खुर्चीत ऐसपैस बसलेली जाड बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती आली की समोरच्याचा एकही पत्ता जागचा हलू शकत नाही. घड्याळजी तिला सासूबाई म्हणत. कंदीलने ती टाकली की ते तिथूनच ओरडायचे, “अगं, सासूबाई आल्या, चहा टाक.” आणि बाई आतून विचारायच्या, “कुणाच्या? तुमच्या की माझ्या?” दर दोन-तीन डावांआड हे व्हायचेच. त्या पत्त्यावर घड्याळजी जेवढे चडफडले तेवढे आयुष्यात कुठल्या गिऱ्हाइकावरही चडफडले नसतील.

आणि गेल्या दोन वर्षांत सासूबाई एकदाही आल्या नव्हत्या.

पुढच्या पाळीला त्याने कुलूप मांडले. त्याच्या पुढच्या पाळीला उलटा वारा, ज्याने वादळ परत मांडणाऱ्याच्याच अंगावर जाते. मग पाताळविहीर. घड्याळजींची दैना करणारे सगळे हुकमी पत्ते एकामागून एक पडद्यावर येऊन बसले, सोनेरी काठांचे, झगझगीत. ते त्याने मोडले नव्हते. हरवलेही नव्हते. नुसते हातात धरून ठेवले होते.

निम्म्याहून जास्त डाव. केवढी मिजास वाटत होती. दोन वर्षे ह्याने आपल्याला बोट धरून खेळवले, आणि आपण रोज ‘धन्यवाद’ म्हणून उठत होतो. त्यांनी टॅबलेट पालथा घालायला हात पुढे केला. दोरी जळत होती. त्यांना त्या पहिल्या दिवसाची आठवण झाली. तेव्हा त्यांनी दोरी अशीच पार टोकापर्यंत जळू दिली होती, आणि घड्याळजी तर दोरी पेटायच्या आत पत्ता फेकत. जन्मभर दुसऱ्यांची घड्याळे लावणारा हा माणूस खेळताना वेळ म्हणून घेत नसे. तिसऱ्या पाळीला पलीकडून ‘अरेरे’ आले होते. डावात तोवर कुणाचेच काही बिघडले नव्हते. चुकून बोट लागले असेल, असे बाईंनी धरले होते.

बोर्डावर असताना दूरच्या एका गावची ऑपरेटर त्यांच्या ओळखीची झाली होती. ओळख म्हणजे काय, ‘द्या’, ‘घ्या’, ‘लाइन मोकळी आहे’, एवढीच. एका सकाळी त्या गावाहून प्लग लावल्याची खटखट आली, ती आवाजाच्या आधीच परकी वाटली. मग आवाज आला, तोही नवा, घाबरलेला, आकडे उलटसुलट सांगणारा. जुनी कुठे गेली, हे बाईंनी विचारले नाही. त्या फक्त आकडे सावकाश सांगू लागल्या, दोनदा सांगू लागल्या, आणि चूक झाली तर आपल्याच माथी घेऊ लागल्या. नव्या मुलीला ते कधी कळले की नाही, कुणास ठाऊक.

बाईंनी हात मागे घेतला.

मांडायचे पत्ते संपले होते. डाव सोडायचे बटण दोघांसमोर होते आणि दोघेही ते दाबत नव्हते. एकदा त्यांची पाळी होऊन जाई, एकदा त्याची. खालून यंत्रांची घरघर येत होती. चहावर साय धरली होती. खूप वेळाने बाईंनी ‘धन्यवाद’ पाठवले, आणि मग, एकदा म्हटलेले पोहोचले नसेल असे समजून, पुन्हा ‘धन्यवाद’.

बाईंनी डाव सोडला.

नव्या संचाबरोबर प्रत्येकाला थोडे पत्ते फुकट मिळत, आणि एकदा नाव बदलायची मुभा. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाई बसल्या. घड्याळजींचे पत्ते संग्रहात होते तसेच राहू दिले. फुकटच्या ढिगातून एकेक नवा उघडला, बारीक अक्षरे भिंगाखाली धरून वाचली. काहींत काही कळले, काहींत नाही. दीपस्तंभ त्यांना आवडला म्हणून घेतला. रागावलेली बदके घेतली. चोर नको वाटला, मग विचार करून तोही घेतला.

नावाची चौकट शेवटी उघडली. आधी ‘जी’ पुसले. ‘घड्याळ’ एवढेच उरले तेव्हा त्या उठल्या, गॅस बंद आहे ना ते पाहून आल्या, खिडकीची कडी लावली, परत काढली. मग बसून उरलेले पुसले आणि ‘ऑपरेटर’ असे लिहिले.

दुपारी कंदील आला. बराच वेळ फुगा उमटला नाही. नव्या नावाकडे तो बघत असेल, की ओळखलेच नसेल, की उठून जाईल, बाई पडद्याकडे बघत राहिल्या.

‘नमस्कार’.

‘नमस्कार’, बाईंनी उत्तर दिले आणि बदके मांडली.

त्याने ती तिथल्या तिथे उडवली. बाईंनी दीपस्तंभ उभा केला. त्याने चाल केली ती थेट दीपस्तंभाच्या पायावर. आजवर विचार करकरून खेळणारा हा माणूस आता पत्त्यावर पत्ता आपटत होता. चोर मांडायला बाईंना सवडच मिळाली नाही. डाव सुरू होतो न होतो तोच पडद्यावर ‘पराभव’ ही मोठी अक्षरे येऊन उभी राहिली. बाईंनी ती नीट वाचली.

तेवढ्यात फोन वाजला. थोरली होती.

“काय झालं गं? आला का तो? आज नवे पत्ते ना?”

“आला.”

“मग? कळलं त्याला?”

“माझे तीन पत्ते धड लागू दिले नाहीत त्यानं,” बाई म्हणाल्या. “सोलून काढलं.”

“अगं बाई. मग आता?”

पलीकडून फुगा उमटला, ‘पुन्हा एक डाव?’ बाईंनी फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, जसा हेडफोन नसताना बोर्डावर धरत, आणि दोन्ही हात मोकळे केले.

“ठेव आता,” त्या म्हणाल्या. “माझी पाळी आहे.”