मेणाचं लेकरू

भागम्माला देवांचा वीट आला होता. देव नाहीत असं तिचं म्हणणं नव्हतं. आहेत, भरपूर आहेत, आणि सासूनं त्यातला एकही सोडलेला नाही, हीच तिची तक्रार होती.

खरं तर त्यांच्या लिंगायत घरात हा प्रश्नच यायला नको. मूल जन्मलं की जंगम येऊन त्याच्या गळ्यात लिंग बांधतो, ते मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. ते तळहातावर घेऊन पूजल्याशिवाय तोंडात घास जात नाही. देव असा छातीशी असताना बाहेर कशाला शोधायचा? पण तिची सासू चन्नबसम्मा म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिच्या एकुलत्या एका गुरुपादाचं लग्न होऊन पुष्कळ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. मग चारठाण्याची जुनी देवळं झाली, परभणीचा दर्गा झाला, कुठल्याशा बाभळीला चिंध्या बांधून झाल्या. प्रत्येक ठिकाणी भागम्माला पुढं ढकलायचं आणि 'हीच ती' म्हणून दाखवायचं, बाजारात गायीचे दात दाखवतात तसं. गुरुपाद मात्र चपला सांभाळत, विडा चघळत बाहेर उभा. त्याच्याकडं कुणा देवानं कधी बघितलंच नाही.

आता तर घाई सुटली होती. पालमच्या महालिंगआप्पांची मुलगी हेरून ठेवली होती. "ह्या उन्हाळ्यात काई झालं तर झालं," चन्नबसम्मा उघडच म्हणायची, "न्हाई तर दुसरी आनावीच लागंल. आमी तरी किती वाट बगावी?" म्हणजे भागम्मानं त्याच घरात राहायचं आणि नवीचं बाळंतपण काढायचं. तशी एक बाई त्यांच्या सोनपेठात होती. भागम्मा तिला रोज विहिरीवर बघायची. ती बाई पाणी शेंदायची, पण कुणाशी बोलायची नाही.

शेवटचा देव मुंबईचा निघाला. जिनिंगवाल्यांच्या कमलबाईनं सांगितलं, "वांद्र्याची मोतमावली. किरिस्तावांची आई हाय, पर देताना कुनाची जात इचारत न्हाई." झालं. गंगाखेडपर्यंत बैलगाडी, पुढं निजामाची रेल्वे, मनमाडला ती सोडून इंग्रजांची गाडी. वैशाखात माणसं सावली सोडत नाहीत, ही तिघं मुंबईला निघाली.

बरं, थेट वांद्र्याला जाईल ती चन्नबसम्मा कसली! "तहसीलदाराकडं काम आसलं तरी आदी चपराशाला सलाम घालावा लागतो, मंग पेशकाराला," ती म्हणाली. "वाटंतली जुनी देवळं सोडली आन त्यानला राग आला तर?" म्हणून गिरगाव झालं, भायखळा झालं, माहीम झालं. तिथले किरिस्ताव लोकही आपल्या चर्चला देऊळच म्हणत. गुरुपाद कापसाच्या सौद्याला पूर्वी मुंबईला येऊन गेलेला, त्यामुळं त्याच्या अंगात वाटाड्या संचारला होता. दारावरच्या दगडाकडं बोट करून तो आईला ठोकून द्यायचा, "हे बग आव्वा, तीनशे सालामागलं." त्याला वाचता येत होती फक्त मोडी, आणि दगडावरची अक्षरं काही मोडी नव्हती.

भागम्माला त्या देवळांत गार वाटलं, एवढं मात्र खरं. उंच छत, लाकडी बाकं, मेणबत्त्यांचा वास, आणि कुणी ढकलत नाही. पण समोर क्रुसावर खिळलेला तो देव होता. हातापायांतून रक्त, बरगड्या वर आलेल्या. ज्याला स्वतःलाच इतकं लागलंय त्याच्यापुढं पदर पसरायचा म्हणजे निर्लज्जपणाची हद्द झाली, असं तिला वाटलं. चन्नबसम्मानं मात्र पदर पसरलाच. वर मोठ्यानं विचारलं, "ह्याला सोताला लेकरं किती होती रं?" बाकावरची एक म्हातारी वळून बघायला लागली. भागम्माला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

वांद्र्याच्या टेकडीवर मोतमावलीच्या पायऱ्यांशी बायका मेणाच्या वस्तू मांडून बसल्या होत्या. ज्याचं जे दुखतं ते घ्यायचं आणि आईपुढं ठेवून यायचं. मेणाचे पाय, हात, डोळे, काळीज. तुटक्या अवयवांचा तो पिवळट बाजार बघून भागम्माला शिसारी आली. सासूनं तिला लांब एका झाडाखाली बसवलं आणि मायलेक विकणारणीशी बोलायला लागली. बोलणं ऐकू येत नव्हतं. गुरुपादानं दोन बोटं वर केलेली मात्र भागम्माला दिसली.

दोन! म्हणजे हे जुळं मागतायत.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला नवऱ्याची माया आली. वेडं कुठलं, तिनं मनात म्हटलं. एकाचा पत्ता नाही आणि ह्यांना दोन पाहिजेत. ती पदराआड चक्क हसली.

पण सासू आली ती एकच लेकरू घेऊन. वीतभर, हात जोडलेलं, नाकडोळे असलेलं मेणाचं लेकरू. देवळात दर्शन झालं, पण सासूनं ते ठेवलं नाही. बाहेर येऊन भागम्माच्या गळ्यातलं लिंगाचं वस्त्र सोडलं आणि लिंगाला लागूनच ते लेकरू त्यात करकचून बांधलं.

"आत्याबाई, लोक आतमंदी ठिवायलेत की," भागम्मा म्हणाली.

"त्यांचा देव चौथऱ्यावर आस्तो, म्हनून ते चौथऱ्यावर ठिवतेत. आपला देव आंगावर हाय. आपून आंगावरच बांधायचं."

हे भागम्माला पटलं. आपल्या माणसाला पटेल असंच ते होतं. ज्यांचा देव गळ्यात, त्यांचा नवसही गळ्यातच नको का?

परतीच्या वाटेवर मनमाड सुटलं आणि भट्टीचं तोंड उघडलं. डब्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसायचा. भागम्माच्या घशाला कोरड पडली. सासूच्या मांडीवर फिरकीचा तांब्या होता, झाकण घट्ट आवळलेला, वरून ओलं फडकं गुंडाळलेला. म्हातारी त्याला पोटच्या पोरासारखी कवटाळून बसली होती.

"आत्याबाई, घोटभर पानी द्या."

"हे पूजेचं पानी हाय. शिवू नको."

औरंगाबाद गेलं, जालना गेलं. पुढं कुठंतरी भागम्माच्या छातीवर काहीतरी ओघळलं. मेणात चरबी मिसळलेली असावी. ती उन्हानं पाझरायला लागली होती. वास असा की ज्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नाही त्या घरातल्या सुनेचा जीव जावा. चोळी चिकट झाली, लिंगाचं वस्त्र चिकट झालं. तिनं दोनदा खिडकीतून तोंड बाहेर काढून ओकारी दिली. पोटात पाणीच नव्हतं, निघणार काय? लिंग अंगावरून उतरवायचं नाही, म्हणून तो राडाही उतरवता येईना. घरापर्यंत ती आपल्याच अंगाच्या किळसेत बसून राहिली.

घरी आल्या आल्या सासूनं रेवणसिद्ध स्वामींना बोलावलं. ते त्यांच्या घराण्याचे जंगम, गरीब स्वभावाचे. त्यांनी वस्त्र उलगडलं. आत लिंगाभोवती पिवळा लगदा होता आणि त्यातून एक बोटाएवढा हात वर आलेला. स्वामींनी लिंग ऊन पाण्यानं धुतलं, विभूती लावली, नव्या वस्त्रात बांधून दिलं.

"बगितलं का स्वामी?" चन्नबसम्मानं ऊर बडवला. "हिच्या आंगावर मेनाचं लेकरू टिकंना, हाडामांसाचं काय टिकंल? देवानंच कौल दिला!" सोनपेठभर ही बातमी व्हायला वेळ लागला नाही. दोन दिवसांत पालमला निरोपही गेला. भागम्मा रडली. कौल तिलाही खराच वाटला होता.

पालमची माणसं सुपारी फोडायला आली त्या दिवशी भागम्मालाच भांडी घासायला बसवलं होतं. फडताळात मागं फिरकीचा तांब्या दिसला. शरबताला लागेल म्हणून तिनं काढला आणि फिरकी फिरवली.

आत पाण्यात मेणाचं लेकरू तरंगत होतं. नाक शाबूत, डोळे शाबूत, हात जोडलेले.

ती बघतच राहिली. मग ती दोन बोटं तिला आठवली, झाडाखालचं आपलं हसू आठवलं, आणि त्या हसण्याचीच तिला इतकी घाण वाटली की गाडीतल्या चरबीची वाटली नव्हती. हे दुसरं लेकरू पालमच्या पोरीसाठी होतं. ते पाण्यात ठेवलं होतं. आणि आपण पाणी मागत होतो.

तिनं डोक्यावर पदर घेतला, तांब्या ताटात ठेवला आणि सरळ बैठकीत गेली. स्वामी होते, महालिंगआप्पा होते, नवा फेटा बांधून गुरुपाद होता. तिनं सगळ्यांदेखत लेकरू बाहेर काढून ताटात ठेवलं.

"हे काय हो?" महालिंगआप्पांनी विचारलं.

"तुमच्या लेकीसाटी आनलंय. मुंबईहून."

"मंग पान्यात का ठिवलं?"

"इतळतंय न्हवं!" चन्नबसम्मा आतून धावत आली आणि बोलून गेली. "वैशाखाचं ऊन. ती इकनारीनच म्हनली, पान्यात न्या, न्हाई तर..."

स्वामींनी मान वर करून तिच्याकडं बघितलं. ते लगद्यातलं लिंग त्यांनी स्वतःच्या हातानं धुतलं होतं.

"आन सुनंच्या गळ्यात कोरडंच बांधलं?" महालिंगआप्पा सावकाश म्हणाले. अख्ख्या मुलखाला माहीत झालेला कौल त्यांनीही ऐकला होता. ते उठले. सुपारी तशीच राहिली. "आमच्या लेकीलाबी उद्या एखांदा कौल देताल तुमी," एवढं म्हणून त्यांनी बाहेर गाडीवानाला हाक मारली.

भागम्मानं ताटातलं लेकरू उचलून गुरुपादाच्या हातात दिलं. "इतके देव मी बांधून घेतले," ती म्हणाली. "आता हे तुमी बांधा."

गुरुपाद ते धरून उभा राहिला. खाली ठेवावं तर स्वामी बघतायत, आईला द्यावं तर ती भिंतीकडं तोंड करून बसलेली. त्याच्या मुठीतून चरबी मनगटावर ओघळायला लागली, तसं त्याचं तोंड वाकडं झालं.

भागम्मानं अंगणात जाऊन तांब्यातलं पाणी ओतलं, राखेनं तांब्या खसखसून घासला, विहिरीवरून भरून आणला. गुरुपाद दारातच उभा होता, हात अंगापासून लांब धरून.

"पानी दे जरा," तो म्हणाला. "हात धुतो."

"हे पूजेचं पानी हाय. शिवू नका," भागम्मा म्हणाली, आणि तांब्या तोंडाला लावून तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.